कैगाचा फोटो, हॅनफर्डच्या टाक्या: साठवलेल्या किरणोत्सारी कचऱ्याचं नेमकं करतात काय?

काळीकाठ
कैगाच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांचा विषय निघाला की खानापूर-लोंढ्याच्या ग्रुपांवर तोच एक फोटो फिरायला लागतो. खड्ड्यात बांधलेल्या घुमटाच्या टाक्या, शेजारी मुंगीएवढी माणसं, अन् खाली ओळ: "कैगातला कचरा असा पुरलाय, उद्या मलप्रभेत उतरेल." फोटो कैगाचा नाहीच. तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डचा आहे, बांधकाम चालू असतानाचा.

हॅनफर्डला अशा १७७ टाक्या आहेत. १४९ एकेरी भिंतीच्या, २८ दुहेरी. आत सुमारे ५.६ कोटी गॅलन, म्हणजे २५ कोटी लिटर माल. एकेरीतल्या ६७ टाक्या कधी ना कधी गळल्या, असं तिथला ऊर्जा विभागच धरून चालतो. हा कचरा वीज करताना होत नाही. वापरलेलं इंधन ॲसिडमध्ये विरघळवून प्लुटोनियम काढलं की मागे उरतो तो हा. आपल्याकडे ते काम तुर्भे, तारापूर आणि कल्पाक्कमला चालतं. कैगात २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत, इंधन विरघळवायचा कारखाना नाही.

पण प्रश्न खरा आहे: टाकीत भरून ठेवलेल्या मालाचं पुढं काय? जाणकारांनी लिहावं. आकडे द्या, कुठं बिघडतं ते द्या. भट्टी हवी की नको, त्यासाठी दुसरा धागा आहे.

कणकुंबीचा_पाऊस
आधी नदीचं मिटवतो. मलप्रभा कणकुंबीला उगवून पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते. कैगा काळी नदीवर, कद्रा धरणाच्या काठी, आणि काळी पश्चिमेला कारवारकडं उतरते. मधे सह्याद्रीचा पाणलोट. कद्र्याचं पाणी मलप्रभेत यायचं तर त्याला घाट चढावा लागेल. कैगाच्या पाण्याबद्दल विचारायचं असेल तर ते कारवार-मल्लापूरकरांनी विचारावं, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

कैगात टाक्या आहेत, पण त्या थांबवायच्या टाक्या. कपडे धुण्याचं, फरशी पुसण्याचं, गळतीचं कमी पातळीचं पाणी त्यात धरतात, नमुना तपासतात, मर्यादेत असेल तर पातळ करून सोडतात. फिल्टर आणि वापरलेलं रेझिन (पाण्यातले किरणोत्सारी क्षार धरून ठेवणारे दाणे) सिमेंटात किंवा पॉलिमरमध्ये घट्ट करून आवारातच काँक्रीटच्या चरांत जातं.

रसायन_मास्तर
काळीकाठ, चांगलं केलंत वेगळा धागा काढून. मी मुळापासून घेतो, कारण या धंद्यात टाकीत पहिल्या दिवशी काय ओतलं त्यावर पुढची साठ-सत्तर वर्षं ठरतात.

इंधनाचे तुकडे गरम नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचे. मग ३० टक्के टीबीपी (ट्रायब्युटिल फॉस्फेट) आणि बाकी डोडेकेन (केरोसिनच्या जातीचं तेल) यात युरेनियम-प्लुटोनियम उचलून घ्यायचं. ॲसिडात राहतात सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९०, टेक्नेशियम-९९, अमेरिशियम वगैरे. पहिल्या दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे ३०० वर्षांत ते हजाराव्या हिश्शावर येतात. टेक्नेशियमचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांच्या वर. उष्णता आणि किरणांचा मारा पहिल्या दोघांचा, लांबची काळजी तिसऱ्याची.

दुसऱ्या महायुद्धात स्टेनलेस स्टीलचा तुटवडा, म्हणून हॅनफर्डच्या टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या. त्यात ॲसिड टिकणार नाही, म्हणून कॉस्टिक सोडा ओतून ते मारलं. त्या क्षणी तीन गोष्टी झाल्या. लोखंड, ॲल्युमिनियम, स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम यांचा साका होऊन तळाला बसला. पाणी आटवल्यावर सोडियम नायट्रेट-नायट्राइटचं मीठ त्यावर गोठलं. वर राहिली निवळी, त्यात सीझियम. एका एकजिनसी द्रावणाचे तीन वेगळे कचरे झाले आणि प्रत्येकाला वेगळी वाट लागते. शिवाय हा कचरा शेवटी काचेत वितळवून घट्ट करतात; एवढं सोडियम आत गेलं की त्या काचेचं प्रमाण सोडियमवरच ठरतं, किरणोत्सारावर नाही.

आपल्याकडे उच्च पातळीचा माल ॲसिड म्हणूनच ठेवतात. टाकी स्टेनलेसची, आत थंड पाण्याच्या कॉइल, टाकी काँक्रीटच्या कोठीत, कोठीलाही स्टेनलेसचं अस्तर. साका फारसा होत नाही. टाकी महाग पडते, पुढचं काम स्वस्त पडतं.

कार्बन स्टील गळतं ते गंजून पातळ होऊन नव्हे. गरम नायट्रेटमध्ये वेल्डच्या शेजारी ताण असलेल्या जागी बारीक चिरा पडतात. उपाय तीन: वेल्डिंगनंतर सगळी टाकी तापवून ताण काढायचा (दुहेरी टाक्यांत हे केलं), कॉस्टिक आणि नायट्राइटचं प्रमाण खाली येऊ द्यायचं नाही, तापमान उतरवायचं. तरी एवाय-१०२ ही दुहेरी टाकी आतल्या तळातून गळल्याचं २०१२ मध्ये कळलंच. दोन भिंतींच्या मधल्या फटीत माल सापडला, म्हणून बाहेर गेला नाही.

निपाणीकर
मग पंप सोडून उपसायचं की ओ मास्तर. विहिरीतला गाळ काढतासा तसं. एवढं काय अवघड हाय त्यात?

जेट_नोझल
निपाणीकर मामा, विहिरीत माणूस उतरतो. इथं तिथपर्यंत फक्त नळ्या पोचतात.

टाकीच्या घुमटाला मोजकीच तोंडं असतात, काही दहा सेंटिमीटरची, मोठ्यातलं मोठं मीटरभर. जे आत घालायचं ते त्यातून गेलं पाहिजे आणि बिघडल्यावर त्यातूनच निघालं पाहिजे. पद्धत अशी: वरून फिरवता येणारी नोझल सोडून जोराची धार साक्यावर मारायची, झालेली राड मधल्या पंपाकडं ढकलायची, पंपानं दुहेरी टाकीत पाठवायची. धारेसाठी नवं पाणी वापरायचं नाही, दुसऱ्या टाकीतली निवळीच वापरायची. नाहीतर जेवढा कचरा काढला त्याच्या कितीतरी पट नवा कचरा तयार.

गळकी टाकी असेल तर धार चालत नाही. तिथं कमी पाणी, फिरता हात आणि व्हॅक्यूम.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते शेवटचं थोडं. तळाला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची दगडासारखी पपडी असते, तिला धार लागत नाही. तिथं कडक कॉस्टिक ओतून काही दिवस मुरवतात, मग पुन्हा धार. हॅनफर्डच्या २३ मीटर व्यासाच्या टाकीत जास्तीत जास्त ३६० घनफूट उरलं तर चालतं, अशी कराराची मर्यादा आहे. ते होतं साधारण १० घनमीटर. आपल्या पाण्याच्या टँकरएवढं. पण तळावर सारखं पसरलं तर थर फक्त अडीच सेंटिमीटरचा, यावरून काम किती बारीक आहे ते बघा.

सव्हाना रिव्हरला (अमेरिकेतलंच अशा टाक्यांचं दुसरं ठिकाण) तळ धुवायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं. साका सुटला. पण ते सोडियम ऑक्झलेट होऊन पुढच्या टाकीत जाऊन बसतं.

मळीवाला
डिस्टिलरीत स्पेंट वॉश (मळीपासून दारू काढल्यावर उरलेलं पाणी) आटवणाऱ्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. बाष्पीभवन, घनता बघणं, नळ्यांवर स्केल. फरक एवढाच की इथं स्केल झालं म्हणून पोराला छिन्नी देऊन आत घालता येत नाही.

१) पाइप चोक होणं. टाकीतल्या मालात फॉस्फेट असतं. गरम असताना विरघळलेलं, थंड पाइपात आलं की सुयांसारखे खडे, आणि बघता बघता सगळा पाइप जेलीसारखा गच्च. काकवी थंडीत घट्ट होते तसं नव्हे. हे मिनिटांत होतं आणि वाकवलं तरी हलत नाही. म्हणून लाइन आधी तापवायची, मधे थांबायचं नाही, काम संपलं की लगेच धुवायची. धुवायलासुद्धा नुसतं पाणी घालायचं नाही. कॉस्टिक एकदम पातळ झालं तर विरघळलेलं ॲल्युमिनियम तिथंच खाली बसतं. थोडं कॉस्टिक घातलेलं कोमट पाणी घ्यायचं.

२) दोन निरुपद्रवी माल एकत्र करणं. सव्हाना रिव्हरला काचेच्या कारखान्यातून परत येणाऱ्या पाण्यात सिलिका होती, टाकीतल्या मालात ॲल्युमिनियम. दोन्ही एकाच बाष्पकात गेले आणि सोडियम ॲल्युमिनोसिलिकेटची पपडी बसली. पपडीत युरेनियम साठत गेलं, तेही समृद्ध. बाष्पक बंद ठेवून नायट्रिक ॲसिडनं साफ करावा लागला. तेव्हापासून दोन्ही प्रवाह वेगळे.

३) वाफेचा दाब. टीबीपी नायट्रिक ॲसिडबरोबर १३० अंशांच्या वर तापलं की तांबडं तेल होतं आणि पेट घेतल्यासारखं फुगतं. रशियात तोम्स्कला ६ एप्रिल १९९३ रोजी अशाच टाकीनं इमारतीची भिंत उडवली. थर्मामीटरवर भरवसा ठेवून चालत नाही. तापवायची वाफच २५ पीएसआयच्या वर येऊ द्यायची नाही, कारण त्या दाबाच्या वाफेचं तापमानच १३० अंश. सेफ्टी व्हॉल्व्ह तिथं लावायचा. शिवाय ॲसिड बाष्पकात जाण्याआधी तेलाचा तवंग काढून टाकायचा आणि वरचं तोंड मोठं ठेवायचं.

निपाणीकर
चोक झालेला पाइप काढायचा कसा मग?

मळीवाला
पहिल्यांदा बाहेरून गरम करून बघतात, मग दाबाचं पाणी. नाही निघाला तर तसाच सोडून शेजारी दुसरा टाकतात. बरेच तसेच सोडलेत.

रसायन_मास्तर
मळीवाल्यांनी दोन नंबरला जे लिहिलं ते या सगळ्या धाग्याचं मूळ आहे. टाकीत किरणोत्सार असतोच, पण अपघात झाले ते रसायनामुळं. नायट्रेट म्हणजे प्राणवायूचा साठा. त्याच्या शेजारी काही जळण्यासारखं ठेवलं, वाळवलं आणि तापवलं की झालं.

२९ सप्टेंबर १९५७, मायाक, उरल. एका टाकीची थंडाई बंद पडली, ते लक्षात आलं नाही. पाणी आटलं, नायट्रेट-ॲसिटेटचं मीठ कोरडं पडलं आणि तापत तापत उडालं. १६० टन वजनाचं काँक्रीटचं झाकण फेकलं गेलं. पाणी होतं तोवर ती टाकी सुरक्षित होती.

फेब्रुवारी २०१४, अमेरिकेतलं न्यू मेक्सिकोमधलं मिठाच्या खाणीतलं भांडार. एका पिंपात नायट्रेटच्या मिठात ओल शोषायला मातीच्या दाण्यांऐवजी गव्हापासून केलेलं मांजराच्या शौचाचं भुसकट घातलं होतं. पिंप फुटलं, भांडार जवळपास तीन वर्षं बंद. आपल्याकडं वर्कशॉपात काही सांडलं की लाकडाचा भुसा टाकायची सवय आहे. नायट्रिक ॲसिडावर ती सवय नको.

हॅनफर्डला १९५० च्या दशकात टाक्यांत जागा करायला फेरोसायनाइड घातलं, सीझियम खाली बसवण्यासाठी. बसलं. मग लक्षात आलं की फेरोसायनाइड आणि नायट्रेट एकत्र म्हणजे दारूगोळा. तो धोका निकालात काढायला १९९० चं दशक उजाडलं. सव्हाना रिव्हरला त्याच सीझियमसाठी टेट्राफिनाइलबोरेट घातलं. ते फुटून बेंझीन यायला लागलं, १९९८ मध्ये तो प्रकल्पच थांबवला. आमचा नियम साधा: टाकीत काही घालायचं तर ते शेवटी कुठून बाहेर पडणार ते आधी लिहून दाखवा.

आणि हायड्रोजन. किरणांनी पाणी फुटतं, हायड्रोजन होतो; सेंद्रिय असेल तर जास्त. हवेत ४ टक्के झाला की पेटतो, म्हणून मर्यादा त्याच्या पाव, १ टक्का. पंखा चालू असेल तर अडचण नाही. अडचण साक्यात कोंडलेल्या वायूची. हॅनफर्डची एसवाय-१०१ टाकी काही महिन्यांनी एकदा ढेकर द्यायची, एका दमात एवढा वायू की पंखा पुरा पडत नसे. १९९३ मध्ये तळाजवळ मिसळणारा पंप बसवला. साका हलता राहिला, वायू थोडा थोडा सुटत राहिला.

शहापूरची_लेक
मास्तर, सीझियम काढायच्या आजच्या पद्धतीवर लिहा ना. पुढचं सिमेंटचं गणित त्यावरच आहे.

रसायन_मास्तर
हो ताई. निवळी आधी गाळायची, मग स्तंभातून सोडायची. दोन जाती आहेत. एक, सिलिकोटायटनेटचे दाणे: सीझियम पकडतात ते सोडत नाहीत. भरला की सगळा स्तंभ बाजूला काढून ठेवायचा. हॅनफर्डला २०२२ पासून टाकीशेजारी असंच चाललंय. दुसरी, रेसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन. हे बीएआरसीनं (भाभा अणुसंशोधन केंद्रानं) तारापूरच्या कॉस्टिकमधल्या मध्यम पातळीच्या जुन्या साठ्यावर वापरलं. कॉस्टिकात पकडतं, पातळ नायट्रिक ॲसिडात सोडतं, परत वापरता येतं. आधीच्या शेकडो घनमीटरांतलं सीझियम थोड्याशा ॲसिडात येतं आणि ते काचेला जातं.

काय बिघडतं? पोटॅशियम जास्त असेल तर ते जागा अडवतं. रेझिन ॲसिडात आकसतं, कॉस्टिकात फुगतं, म्हणून स्तंभात वर मोकळी जागा ठेवावी लागते. ॲसिड अर्ध्या मोलरच्या आसपासच ठेवायचं. हॅनफर्डला १९७६ मध्ये महिनोन् महिने बंद पडलेल्या अमेरिशियमच्या रेझिन स्तंभात कडक नायट्रिक ॲसिड सोडलं आणि तो कामगाराच्या तोंडावर फुटला. भरलेला स्तंभ कोरडा पडू द्यायचा नाही, कधीच नाही.

उद्यमबाग_भट्टी
आता आमचा विषय. काचेची भट्टी बघून फाउंड्रीवाला म्हणेल, ११५० अंश म्हणजे काय मोठं? बीड वितळवायला आम्ही १४०० च्या वर जातो. पण आमची भट्टी रिकामी करता येते, अस्तर ठोकून नवं घालता येतं. ही एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नाही. सव्हाना रिव्हरची दुसरी भट्टी २००३ ते २०१७ चालली.

बोरोसिलिकेट काचेचा भुगा आणि कचऱ्याची राड वरून पडते. काच थंडीत वीज वाहत नाही, वितळली की वाहते. म्हणून सुरुवातीला हीटरनं वितळवायचं, मग दोन इलेक्ट्रोडमधून करंट सोडून काचच स्वतःला तापवते. इलेक्ट्रोड इन्कोनेल ६९० (निकेल-क्रोमचा मिश्रधातू) चे, विटा क्रोम-ॲल्युमिनाच्या ओतीव. तारापूर, तुर्भ्याला सुरुवातीला इंडक्शनवर तापणारी धातूची भांडी होती, तिथं तापमान हजाराच्या आत. तारापूरच्या नव्या कारखान्यात वरच्यासारखी ज्यूल भट्टी आली.

बिघाड कुठले:

पिवळा थर. सल्फेट काचेत एखाद टक्का जेमतेम मुरतं. जास्त झालं तर वितळलेलं मीठ होऊन वर तरंगतं, मॉलिब्डेनम आणि सीझियम घेऊन. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे केलेलं सगळं काम वाया, शिवाय इलेक्ट्रोड खातं ते वेगळंच. तुर्भ्याच्या जुन्या मालात सल्फेट का, तर प्लुटोनियम वेगळं करताना फेरस सल्फामेट वापरलं होतं. त्यासाठी बेरियम घातलेली वेगळी बोरोसिलिकेट काच करावी लागली. मास्तर म्हणतात तेच, पहिल्या दिवशी काय ओतलं.

रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम. हे काचेत विरघळत नाहीत, तळाला बसतात आणि वीज चांगली वाहतात. मग करंट काचेतून न जाता तळातून जातो: वर थंड, खाली जळतंय. जपानात रोक्काशोला २००८ च्या सुमारास भट्टी अडली ती याच दोन कारणांनी, पिवळा थर आणि हे धातू. तळ उतरता ठेवणं आणि अधूनमधून तळातून ओतून काढणं हाच उपाय.

फेस. नायट्रेट फुटताना प्राणवायू सुटतो, वरची साय फुगते. त्यावर हॅनफर्डच्या कमी पातळीच्या मालात काय घालतात माहितीय? साखर. आपली खायची. नायट्रेटच्या दर मोलला साधारण पाऊण मोल कार्बन बसेल एवढी. कमी पडली तर फेस, जास्त झाली तर धातूचे थेंब सुटून तळाला.

ओतायच्या चोचीला काच चिकटून धार वाकडी होणं हा नेहमीचा त्रास. चोचीत बदलता येणारा घाला बसवतात.

डबा स्टेनलेसचा, ३ मीटर उंच, ६१ सेंटिमीटर व्यासाचा, आत सुमारे १.७ टन काच. हे सव्हाना रिव्हरचं. आपले डबे बरेच लहान.

निपाणीकर
चिकोडी-अथणीची साखर तिकडं लावून द्यायची म्हणा की! पण काच चांगली झाली हे कळतं कसं?

उद्यमबाग_भट्टी
काच कुटून ७५ ते १५० मायक्रॉनचा चुरा चाळायचा, धुवायचा, ९० अंशांच्या शुद्ध पाण्यात ७ दिवस बंद भांड्यात. मग पाण्यात बोरॉन, सोडियम, लिथियम किती उतरलं ते मोजायचं. बोरॉन का, तर ते परत काचेत जाऊन बसत नाही, खोटं बोलत नाही. ओतताना काचेचा चिकटपणा २० ते ११० पॉइजमध्ये (चिकटपणाचं माप) पाहिजे.

शहापूरची_लेक
सीझियम काढून उरलेलं खारं पाणी काचेत घालणं महागाचं. सव्हाना रिव्हरला त्याचं काँक्रीट करतात. सुकं मिश्रण ४५ टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), ४५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख), फक्त १० टक्के सिमेंट. पाणी-भुकटी प्रमाण ०.६ च्या आसपास, बांधकामापेक्षा बरंच ओलं.

स्लॅग स्वस्त म्हणून नाही घालत. त्यातला सल्फाइड टेक्नेशियमला ऑक्सिडेशनच्या सातवरून चारच्या अवस्थेत आणतो, तेव्हा ते पाण्यात फिरत नाही. हवा लागली की परत सातच्या अवस्थेत जाऊन वाहायला लागतं. म्हणून या काँक्रीटला चिरा गेलेल्या चालत नाहीत, ताकद कमी असली तरी चालते. आपल्या साइटवर नेमकं उलटं बघतात.

कोरड्या हिवाळ्यात जमलेलं मिश्रण उन्हाळ्यात जमत नाही. ॲल्युमिनेट जास्त असेल तर लवकर धरतं, होजमध्येच. पाणी वर सुटलं तर ते किरणोत्सारी, उपसून परत टाकीत. एका दमात उंच थर ओतला तर उष्णता आत कोंडते. आणि काम थांबलं की होज त्या क्षणी धुवायचा.

काळीकाठ
डबे भरले, काँक्रीट झालं. शेवटी ठेवतात कुठं?

जेट_नोझल
काँक्रीट तिथंच, जमिनीलगत. काचेचे डबे आपल्याकडं तारापूरला हवेवर थंड होणाऱ्या कोठीत, तीसेक वर्षांच्या मुदतीनं. खोल भूगर्भातलं भांडार भारतात अजून नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या दशकात सुमारे हजार मीटर खोल खडकात विजेचे हीटर लावून तापमानाचा प्रयोग केला होता. कचरा नव्हता, नुसते हीटर. २०१२ मध्ये तिथं कचरा येणार म्हणून कोलारला आंदोलन झालं, सरकारनं नाही म्हणून सांगितलं.

कणकुंबीचा_पाऊस
काळीकाठ, वरच्या आकड्यात दुरुस्ती करा. ५.६ कोटी गॅलनचे २५ कोटी लिटर तुम्ही इंग्लिश गॅलननं केलेत, ४.५५ नं. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणजे २१ कोटी लिटर. दहा हजारांचे २१ हजार टँकर.

काळीकाठ
बरोबर, माझी चूक. मूळ पोस्ट बदलत नाही, दुरुस्ती इथं राहू दे.

निपाणीकर
आणि रिकाम्या टाकीचं काय करतात? उकरून काढतात?

शहापूरची_लेक
उकरत नाहीत, भरतात. सव्हाना रिव्हरच्या १७ आणि २० नंबरच्या टाक्या १९९७ मध्ये भरल्या. तळाला स्लॅगचं ग्राउट (ओतता येणारं पातळ सिमेंट-मिश्रण), उरलेल्या साक्याला धरून ठेवायला. वर साधं वाहतं ग्राउट, घुमटापर्यंत. व्हायब्रेटर लावायला कुणी आत जाऊ शकत नाही, म्हणून ते आपोआप पसरलंच पाहिजे. थंडाईच्या कॉइल असतील तर त्यांत वेगळं पातळ ग्राउट दाबानं भरावं लागतं. ती नळी पोकळ राहिली तर पावसाचं पाणी वरून थेट तळाच्या साक्यापर्यंत जायला वाट मिळते.

निपाणीकर
व्हय, हे पटलं.